व्हिडिओवरून भांडण जुंपलं की आधी विचारा, ‘कितव्या सेकंदाला?’

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एका छंदापायी एकत्र आलेल्या साडेतीनशे जणांचा ऑनलाइन समूह तुम्ही सांभाळता. कोणी व्हिडिओ टाकला की दहा मिनिटं गप्पा रंगतात आणि तासाभरात त्याच गप्पांचं भांडण होतं. निम्म्या लोकांनी व्हिडिओ पाहिलेलाच नसतो, म्हणून तुम्ही ‘पूर्ण पाहिल्याशिवाय प्रतिसाद देऊ नये’ असा नियम केला, तर वाद आणखी चिघळले. आता तुमचे सहव्यवस्थापक म्हणताहेत की व्हिडिओ टाकणंच बंद करू या. आणि मागच्या आठवड्यात एक जुन्या, मितभाषी सदस्या काही न बोलता समूह सोडून गेल्या, ते तुमच्या मनाला लागलं आहे.

व्हिडिओ बंद करू नका, असं माझं मत आहे. मी गेली १४ वर्षं असे समूह सांभाळते आहे. एक लहान, जिथे सगळे एकमेकांना ओळखतात. एक मोठा आणि खुला, जिथे बहुतेक जण टोपणनावानं वावरतात. आणि एक असा, जिथे लोक ठरलेल्या वेळी एकत्र बसून व्हिडिओ पाहतात आणि पाहता पाहता बोलतात. तिन्हीकडे भांडणं पाहिली, मिटवली, काही माझ्याच हातून वाढली. त्या अनुभवावरून लिहिते.

आधी तुमच्या नियमाबद्दल. त्यामागचा हेतू चांगला होता, पण कोणी व्हिडिओ पूर्ण पाहिला की नाही हे तुम्हाला कधीच तपासता येणार नाही. जो नियम तपासता येत नाही, तो हत्यार म्हणून वापरला जातो. ‘तुम्ही पूर्ण पाहिला असता तर असं म्हणालाच नसतात’ हे वाक्य तुमच्या समूहात गेल्या महिन्यात किती वेळा आलं ते शोधून बघा. दोनदा पाहिलेल्या माणसालाही ते ऐकावं लागतं, कारण त्याचं मत वेगळं निघालं. मग तो चिडतो, आणि त्याचं चिडणं योग्यच आहे.

माझ्या मते खरी अडचण न पाहणाऱ्यांची नाहीच. ज्यांनी नीट पाहिला, त्यांनीही एकच व्हिडिओ पाहिलेला नसतो.

याचा एक जुना आणि फार चांगला दाखला आहे. २३ नोव्हेंबर १९५१ रोजी अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. सामना फार धसमुसळा झाला. प्रिन्स्टनच्या प्रमुख खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला, आणि नंतर कितीतरी दिवस दोन्हीकडची विद्यार्थी-वृत्तपत्रं एकमेकांवर तुटून पडत होती. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्ही विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना सामन्याची तीच फिल्म दाखवली आणि दिसतील तेवढे नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे सरासरी ४.३ नियमभंग दिसले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना त्याच डार्टमथ संघाचे ९.८ दिसले. फिल्म तीच, काम मोजण्याचं, आणि तरी दुपटीहून जास्त फरक. १९५४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा ऑनलाइन समूह नव्हते, टोपणनावं नव्हती. त्यामुळे ‘इंटरनेटनं माणसं बिघडवली’ हे स्पष्टीकरण मला पुरेसं वाटत नाही.

२०१२ साली डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच धर्तीवर एका निदर्शनाचा व्हिडिओ दाखवला. निम्म्या लोकांना सांगितलं की ही निदर्शनं गर्भपात केंद्रासमोरची आहेत, उरलेल्यांना सांगितलं की सैन्यभरतीच्या जागेसमोरची. निदर्शक वाट अडवत होते का, धमकावत होते का, याची उत्तरं बघणाऱ्याची मूल्यं काय आणि त्याला काय सांगितलं गेलं यावर बदलत गेली. ‘काय सांगितलं गेलं’ हा भाग लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता माझ्याकडचा प्रसंग सांगते, कारण माझी कामाची पद्धत त्यातूनच बदलली. मोठ्या समूहात कोणीतरी २२ सेकंदांची क्लिप टाकली. चौकातल्या खांबावरच्या कॅमेऱ्याची, एक सायकलस्वार आणि एक मोटार. सायकलला धक्का लागतो, सायकलस्वार पडतो, उठतो; कोणाला मोठी इजा नाही. वर मजकूर एवढाच : ‘बघा यांची मस्ती.’ यांची म्हणजे कोणाची, ते लिहिलेलं नव्हतं. दोन दिवसांत ४१२ प्रतिसाद आले. मी पाच जणांना तंबी दिली, एकाला आठवड्यासाठी बंद केलं, आणि तरी आग विझेना.

दुसऱ्या रात्री मी सगळे प्रतिसाद पहिल्यापासून वाचायला बसले आणि प्रत्येकापुढे एक आकडा लिहीत गेले : हा माणूस क्लिपमधल्या नक्की कोणत्या क्षणाबद्दल बोलतो आहे? चित्र हळूहळू उलगडलं. मोटारवाल्याला दोष देणारे जवळजवळ सगळे १४ ते १६ या सेकंदांबद्दल बोलत होते, जिथे मोटार न थांबता वळते. सायकलस्वाराला दोष देणारे पाचव्या-सहाव्या सेकंदाबद्दल बोलत होते, जिथे तो पदपथावरून एकदम रस्त्यावर उतरतो. आणि एक तिसरा गट होता, ज्याला धक्क्याशी काही देणंघेणंच नव्हतं. तो १९ व्या सेकंदानंतर मोटारवाला उतरून ज्या सुरात बोलतो त्यावर संतापला होता. खोटं कोणीच बोलत नव्हतं. तीन वेगवेगळी भांडणं एकाच धाग्यात, म्हणजे एका व्हिडिओखालच्या सलग प्रतिसादांत, एकमेकांवर आदळत होती, आणि समोरच्याला आपला क्षण ‘दिसत कसा नाही’ याचा राग प्रत्येकाला येत होता.

मी धागा बंद केला आणि दुसरा उघडला. त्यात फक्त लिहिलं : ‘१४ व्या सेकंदाला मोटारीनं थांबायला हवं होतं का? आज इथे एवढ्यावरच बोलू. पाचव्या सेकंदावर उद्या वेगळा धागा काढते.’ नव्या धाग्यात तीसेक प्रतिसाद आले. सगळे एकमत झाले नाहीत. पण उरलेला मतभेद वळताना वाट कोणाची यावर होता, आणि तो वाद वाचण्यासारखा होता. दोन जणांनी वाहतुकीचे नियम शोधून आणले. आदल्या दिवशी मी तंबी दिलेला एक सदस्य त्यात होता.

काही दिवसांनी त्याच घटनेचा तीन मिनिटांचा व्हिडिओ कोणालातरी मिळाला. मला वाटलं, आता निकाल लागेल. लागला नाही. तिन्ही गटांना त्या तीन मिनिटांत आपापल्या बाजूचा नवा पुरावा सापडला. म्हणून ‘पूर्ण व्हिडिओ आला की सगळे गप्प होतील’ या आशेवर व्यवस्थापन करू नका. लांब व्हिडिओ आल्यानं नवीन माहिती मिळते, आणि ती हवीच. पण कोणत्या क्षणाबद्दल बोलायचं हा प्रश्न तसाच राहतो.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे : कितव्या सेकंदाला? कोणी जोरात काही म्हटलं की मी तेवढंच विचारते. ‘तुम्ही म्हणता तो ढकलतो. कितव्या सेकंदाला दिसलं?’ यात आरोप नाही, शिस्त लावण्याचा आव नाही. पण उत्तर द्यायला त्या माणसाला व्हिडिओ पुन्हा उघडावा लागतो. पुष्कळदा तो परत येऊन स्वतःच लिहितो की ढकलत नाही, हात पुढे करतो. आणि मत बदललं नसलं तरी त्याचं विधान आता एवढं लहान झालेलं असतं की दुसऱ्याला ते तपासता येतं. ‘हे लोक असेच’ या वाक्याशी वाद घालता येत नाही. ‘४० व्या सेकंदाला त्याच्या हातात काही नाही’ या वाक्याशी येतो. शिवाय व्हिडिओ उघडून तो क्षण शोधण्यात जी दोन मिनिटं जातात, तेवढ्यात चढलेला पारा थोडा उतरतो.

हा नियम म्हणून लादू नका. आधी तुम्ही आणि तुमचे दोन-तीन सहकारी स्वतः तसं लिहायला लागा. लोक बघून शिकतात. आणि गाणं, विनोद, मांजराची झोप अशा गोष्टींना हे लावायचं नाही. तिथे लोक नुसता आनंद व्यक्त करायला आलेले असतात, त्यांना पुरावा मागितला तर समूहाचा जीवच जाईल.

सेकंदाला धरूनच एक पोटनियम मात्र मी पक्का पाळते : संथ केलेली क्लिप किंवा थांबवलेलं चित्र एकटं टाकायचं नाही, मूळ वेगाची क्लिप सोबत हवी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की तीच घटना संथ गतीत दाखवली की बघणाऱ्यांना ती जास्त जाणूनबुजून केलेली वाटते, जणू करणाऱ्याला विचार करायला भरपूर वेळ होता. दोन्ही वेगांत दाखवलं तर हा परिणाम कमी होतो, पूर्ण जात नाही. खेळातल्या धक्काबुक्कीच्या क्लिपांवर निम्मे वाद यामुळेच पेटतात. थांबवलेल्या चित्राचं तर विचारूच नका. बोलता बोलता कोणाचाही चेहरा एखाद्या क्षणी क्रूर दिसतो.

आता वरचा मजकूर. कहान यांच्या प्रयोगात जे ‘सांगितलं गेलं’ त्यानं दिसणं बदललं, तसंच तुमच्या समूहात व्हिडिओवरची ओळ करते. माझ्या अनुभवात धाग्याचं नशीब त्या ओळीवर आणि पहिल्या तीन प्रतिसादांवर ठरतं. पहिल्या तीन प्रतिसादांचं म्हणणं निव्वळ माझं नाही. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना एका लेखाखाली प्रतिसाद लिहायला सांगितले. ज्यांना आधी सोपी चाचणी दिली होती आणि ज्यांना वरचे प्रतिसाद साधे दिसले, त्यांच्यापैकी ३५ टक्के लोकांनी खोडसाळ किंवा दुखावणारं लिहिलं. ज्यांना आधी अवघड चाचणी देऊन वैतागवलं होतं आणि वर खोडसाळ प्रतिसाद दाखवले होते, त्यांच्यात हा आकडा ६८ टक्क्यांवर गेला. सगळी साधीसुधी माणसं होती. तो लेख होता, व्हिडिओ नव्हता, पण मला रोज दिसतं ते याहून वेगळं नाही. तुमच्या समूहात ‘चार नाठाळ’ आहेत असं तुम्ही लिहिलं आहे. ते चार जण वाईट दिवशी येतात आणि वाईट सुरुवात वाचतात, असंही असू शकेल. त्यांना काढण्याआधी सुरुवात बदलून बघा.

म्हणून मी व्हिडिओ टाकणाऱ्याकडून एवढं मागते : लांबी किती, आत काय आहे ते दोन-तीन वाक्यांत, कुठून मिळाला, आणि तुम्हाला नक्की कशावर बोलायचं आहे. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ‘बघा आणि ठरवा’ असं लिहून निघून जाणाऱ्याला मी प्रेमानं परत बोलावते : ‘तुम्हाला काय वाटलं ते लिहा, मग धागा खुला करते.’ निम्मे जण लिहितात. उरलेल्यांचा व्हिडिओ मागे पडतो आणि त्यानं कोणाचं काही बिघडत नाही. पहिल्या तासात मी स्वतः किंवा कोणी जुना जाणता सदस्य एक सरळ, सविस्तर प्रतिसाद देईल असंही बघते. तुमच्याकडे साडेतीनशे जण आहेत, तर अशी पाच-सहा माणसं नक्की असतील. त्यांना खासगीत विनंती करा. बहुतेकांना बरं वाटतं.

आता न पाहता बोलणारे. त्यांच्यावर माझा पूर्वी फार राग असायचा, आता नाही. २०१६ साली कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्सच्या इनरिया या संस्थेच्या संशोधकांना असं आढळलं की ट्विटरवर फिरणाऱ्या बातम्यांच्या दुव्यांपैकी ५९ टक्के दुवे कोणी उघडलेच नव्हते. म्हणजे ही माणसाची सर्वसाधारण सवय आहे, तुमच्या समूहाचा अवगुण नाही. आणि व्हिडिओ हा मजकुरापेक्षा जास्त मागतो. आठ मिनिटं मागतो, कान मागतो, एकांत मागतो. कोणी कामात असतं, कोणाजवळ हेडफोन नसतो, कोणाला ऐकू कमी येतं. पण गप्पांत तर सामील व्हायचं असतं, कारण आपली माणसं तिथे बोलताहेत. ती ओढ चांगली आहे. तिला शिक्षा करू नका.

मी केलं ते असं : न पाहता बोलायला मोकळीक दिली, फक्त तसं सांगायचं. ‘व्हिडिओ पाहिला नाही, सारांशावरून लिहितोय’ एवढं वाक्य वर लिहायचं. पहिले काही दिवस कोणी लिहीना. मग मी स्वतः दोन-तीनदा लिहिलं, आणि लोकांना कळलं की यात कमीपणा नाही. त्यानंतर जे झालं त्याची मला अपेक्षा नव्हती. असं लिहिणारी माणसं आपोआप मवाळ लिहू लागली, बरेचदा प्रश्नच विचारू लागली, आणि पाहिलेल्यांना समजावून सांगण्यात गोडी वाटू लागली. ट्विटरनं २०२० मध्ये ‘पुढे पाठवण्याआधी लेख वाचायचा आहे का?’ अशी नुसती विचारणा सुरू केली होती. ती दिसल्यावर लोक ४० टक्के जास्त वेळा लेख उघडू लागले, असं त्या कंपनीनं सांगितलं होतं. सक्ती नव्हती, आठवण होती. तुमच्या नियमात आणि या विचारण्यात फरक आहे तो हाच.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर : वर नीट ओळ, धाग्याला एक प्रश्न, प्रतिसादात सेकंद, आणि न पाहणाऱ्याला प्रामाणिकपणाची सोय. यापुढचं तुमच्या समूहाच्या रचनेवर अवलंबून आहे, आणि ते मला तुमच्या प्रश्नातून पूर्ण कळलं नाही.

गप्पा सरळ एकाखाली एक वाहत जाणाऱ्या असतील, म्हणजे मेसेंजरवरच्या गटासारख्या, तर वाद लवकर भडकतो आणि लवकर विझतोही. तिथे जुनं वर निघून जातं, तेव्हा तासभर वाट पाहणं हाच पुष्कळदा उत्तम उपाय ठरतो. धाग्यांचा मंच असेल तर उलट. तिथे चार दिवसांनी येऊन कोणीतरी खपली काढतो. तिथे धागा योग्य वेळी बंद करणं हे तुमचं काम. आणि एकत्र बघत बघत बोलायचं असेल तर तिसरीच तऱ्हा. त्यात मला जपानच्या निकोनिकोची रचना फार आवडते. २००६ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या या संकेतस्थळावर प्रतिक्रिया व्हिडिओच्या खाली न राहता व्हिडिओवरूनच सरकत जातात, आणि प्रत्येक प्रतिक्रिया व्हिडिओतल्या त्या क्षणाला बांधलेली असते. तुम्ही आज पाहिलं आणि दुसऱ्या कोणी तीन वर्षांपूर्वी पाहिलं, तरी त्या एका क्षणाला दोघांची हाक एकत्र उमटते. चीनमध्ये बिलीबिली या संकेतस्थळानंही हीच पद्धत उचलली. त्या गर्दीत लांबलचक वाद घालता येत नाही, हे खरं. पण तिथे ‘तुम्ही कोणत्या क्षणाबद्दल बोलताय?’ हा प्रश्नच उरत नाही. तुमच्या समूहात महिन्यातून एकदा ठरलेल्या वेळी एखादा व्हिडिओ सगळ्यांनी मिळून बघा. माझ्या लहान समूहात एकत्र बघितलेल्या व्हिडिओवर नंतर झालेला वाद कधीही हातघाईवर गेलेला नाही.

दोघांतच जुंपली असेल तर काय, हेही तुम्ही विचारलं आहे. रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळावर ‘चेंज माय व्ह्यू’ (माझं मत बदला) नावाचा समूह २०१३ पासून चालतो. तिथे आपलं मत मांडून लोक म्हणतात, ते बदलून दाखवा. आणि बदललं तर तसं जाहीर करतात. कॉर्नेलच्या संशोधकांनी तिथल्या संवादांचा अभ्यास २०१६ मध्ये मांडला. थोडी देवाणघेवाण झाली तर मन वळण्याची शक्यता असते, पण दोघांमधल्या पाच फेऱ्या उलटल्या की ती जवळजवळ संपते. आणि हे तर मन बदलायच्या तयारीनं आलेले लोक. त्यामुळे मी चौथ्या फेरीनंतर मध्ये पडते. दोघांनाही एकेक शेवटचा प्रतिसाद लिहायला देते, ‘समोरच्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत लिहा’ असं सांगून. एवढं सगळ्यांना जमत नाही. पण ज्याला जमतं त्याच्याकडे वाचणारे वेगळ्या नजरेनं बघायला लागतात. आणि समूहात न लिहिता फक्त वाचणारे नेहमीच जास्त असतात, वाद खरा त्यांच्यासमोर चाललेला असतो.

दोन ठिकाणी मात्र मी निर्णय घेताना चर्चा करत नाही. पहिलं, व्हिडिओ कापलेला किंवा भलत्याच घटनेचा निघाला तर. ‘ध’चा ‘मा’ व्हिडिओत फार सहज होतो. शेवटची चार सेकंदं उडवली की क्षमा मागणारा माणूस उद्धट दिसतो. शंका आली की क्लिपमधली दोन-तीन चित्रं घेऊन चित्रावरून शोध घेणाऱ्या साधनात टाका, जुनी घटना असेल तर बहुधा सापडते. आवाज एकाएकी तुटतो का, क्लिप वाक्याच्या मध्येच सुरू होते का, तेही ऐका. व्हॉट्सॲपवर दुहेरी बाणाची खूण असेल तर ती गोष्ट निदान पाच हात फिरून आलेली आहे एवढं तरी कळतं. खोटं निघालं की मी धाग्याच्या शीर्षकातच दुरुस्ती लिहिते, पहिल्या ओळीत खुलासा टाकते, व्हिडिओ काढते आणि चर्चा ठेवते. टाकणाऱ्याला आधी खासगीत कळवते, म्हणजे तो स्वतः खुलासा करू शकतो. चारचौघांत उघडा पडलेला माणूस चूक कबूल करत नाही, तो तिचं समर्थन शोधायला लागतो. कितीदा तरी पाहिलं आहे.

दुसरं, ज्यात एखादी सामान्य व्यक्ती तिच्या नकळत, दुःखाच्या किंवा लाजेच्या क्षणी टिपलेली आहे. रडणारं मूल, पडलेला म्हातारा माणूस, चिडून ओरडणारी बाई. असा व्हिडिओ मी लगेच काढते, धाग्यासकट. ‘पण यातून शिकण्यासारखं आहे’ हा युक्तिवाद मी ऐकून घेते आणि तरी काढते. समोरच्या माणसाला इथे येऊन आपली बाजू मांडता येत नाही, मग आपण त्याच्यावर न्यायनिवाडा करत बसायचं नाही. यावर माझ्याशी भांडून दोन जण समूह सोडून गेले आहेत. मला त्याचं वाईट वाटलं, पण निर्णय बदलावासा वाटला नाही.

हे सगळं लिहून कुठे ठेवायचं? प्रत्येक व्हिडिओच्या धाग्यात सगळ्यात वर, चार ओळींत. वेगळ्या ‘नियमावली’च्या पानावर कोणी जात नाही. रेडिटच्या विज्ञान समूहात, जिथे १ कोटीहून जास्त सदस्य होते, नेथन मटायस यांनी हा प्रयोग करून २०१९ मध्ये मांडला : चर्चेच्या वर नियम दिसत राहिले तर नव्या सदस्यांनी नियम पाळण्याचं प्रमाण ८ टक्के-अंकांहून जास्त वाढलं, आणि नव्यांचा सहभाग सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. मला दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो. नियम दिसले म्हणून लोक बिचकले नाहीत; इथे आपल्यावर कोणी धावून येणार नाही असं त्यांना वाटलं असावं.

राहिल्या त्या सोडून गेलेल्या सदस्या. त्यांना आजच लिहा. समूहावर नको, खासगीत. परत या असं पहिल्याच संदेशात म्हणू नका, त्यानं त्यांच्यावर ओझं येतं. त्या दिवशी नक्की काय झालं ते मला आता वाचून कळलं, तेव्हा मी मध्ये पडायला हवं होतं, असं साध्या शब्दांत लिहा. शक्य असेल तर त्यांचा कोणता प्रतिसाद कोणी कसा उडवून लावला ते नेमकं लिहा. कोणीतरी नीट वाचलं होतं, हे त्यांना त्यातून कळेल. माझ्याकडे असाच एक सदस्य त्या चौकाच्या क्लिपनंतर गेला होता. त्याला मी तीन महिन्यांनी लिहिलं, फार उशिरा. त्यानं उत्तर पाठवलं की पाचव्या सेकंदाबद्दल पहिल्यांदा तोच बोलला होता आणि कोणी ते वाचलंही नव्हतं. मी धागा पुन्हा उघडून पाहिला. त्याचा प्रतिसाद ३७ वा होता, आणि त्याच्याखाली एकही उत्तर नव्हतं.